बिनधोक पैज आणि सम्यक आजीविका

पैसा मिळविण्याचा एखादा मार्ग असा आहे की त्यात आपले काही बुडत नाही, कुणाच्या घरात शिरावे लागत नाही, कुणाचा खिसा कापावा लागत नाही. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले आहे. त्या पाचांतही हा मार्ग येत नाही. मग तो धरण्यास बौद्ध उपासकाला हरकत कोणती?

हा प्रश्न आज आपल्या घरातली शिकलेली मुले विचारतात. "जुगार वाईट असतो" एवढे बोलून वडीलमाणसे मोकळी होतात. परंतु मुलगा म्हणतो, "बाबा, हा जुगार नव्हेच. जुगारात हार-जीत असते. यात हार नाही." येथे वडील गप्प होतात आणि मुलाला वाटते की आपण जिंकलो. धम्मबंधूंनो, ज्या धम्मात आपण आलो आहोत तो विचार करून, पारखून स्वीकारावयाचा धम्म आहे. म्हणून दटावून भागणार नाही. मुलाचे म्हणणे पुरते ऐकले पाहिजे आणि त्याचे उत्तर पुरतेपणी दिले पाहिजे.

जुना आकडा आणि नवा

आकडा आपल्या भागाला नवा नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील माणसे पोटासाठी मुंबईला गेली, गिरण्यांत लागली, बाजारात हमाली करू लागली. त्याच गिरणगावात आकड्याचा धंदा फोफावला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडतो आणि काय बंद होतो, यावर मुंबईत पैसे लागत. पुढे ते भाव येणे थांबले. तेव्हा १९६२ साली कल्याणजी भगत याने आणि १९६४ साली रतन खत्री याने आपापला मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठ्या काढायच्या म्हणून त्याचे नाव मटका. कामगाराचा घामाचा पगार घरी पोहोचण्याआधी या मडक्यात गेला, हे मागच्या पिढीला सांगावयास नको.

त्या आकड्याला अड्डा लागत असे. अड्ड्यावर जाणारा माणूस चार लोकांच्या नजरेस पडे आणि त्या नजरेचाही थोडा धाक असे. आता अड्डा मोबाईलमध्ये आहे. क्रिकेटचा सामना चालू असताना मुलगा आईच्या शेजारी बसून पैज लावतो आणि आईला वाटते की पोरगा खेळ पाहतो आहे.

व्यवहार काय आहे?

मुले ज्या मार्गाविषयी बोलतात त्याला परदेशात 'मॅच्ड बेटिंग' म्हणतात. आपण त्याला जुळवणीची पैज म्हणू. त्याचा हिशेब एकदा नीट मांडू, कारण जे समजून घेतले नाही त्याचा निषेध करणे बौद्धाला शोभत नाही.

पैज घेणारी कंपनी म्हणते, आमच्याकडे खाते उघडा, स्वतःचे १,००० रुपये एका पैजेवर लावा, म्हणजे पुढची १,००० रुपयांची पैज आम्ही फुकट देऊ. मुलगा एका संघावर २ या भावाने १,००० रुपये लावतो. संघ जिंकला तर आपले हजार परत आणि वर आणखी हजार. हरला तर हजार गेले. त्याच वेळी तो दुसऱ्या एका ठिकाणी उलटी पैज घेतो. या ठिकाणाला 'एक्सचेंज' म्हणतात. तेथे पैज लावणारी माणसे कंपनीशी न लावता एकमेकांशी लावतात. तेथे तो त्याच संघाविरुद्ध २.०४ भावाने ९९० रुपयांची पैज घेतो. आपल्याकडचे सटोडिये पहिल्या प्रकाराला 'लावणे' आणि दुसऱ्याला 'खाणे' म्हणतात. एक्सचेंज नफ्यातून शंभराला दोन रुपये कापून घेते असे धरू. आता संघ जिंको अथवा हरो, मुलाचे सुमारे ३० रुपये जातात.

मग येते फुकटची पैज. ती तो ५ या भावाने लावतो. फुकटच्या पैजेत मूळ हजार हाती येत नाहीत. जिंकल्यास वरचे ४,००० तेवढे मिळतात. त्याच क्षणी एक्सचेंजवर तो ५.२ भावाने ७७२ रुपये खातो. संघ जिंकला तर कंपनीकडून ४,००० येतात आणि एक्सचेंजवर सुमारे ३,२४२ जातात. संघ हरला तर कंपनीकडून काही येत नाही, पण एक्सचेंजवरच्या ७७२ मधून कापणी होऊन सुमारे ७५७ हाती राहतात. दोन्ही बाजूंनी शिल्लक तीच. आधीचे ३० वजा केले की ७२७ रुपये उरले. सामना कोणीही जिंको.

हिशेब खरा आहे. ब्रिटनमध्ये पैजेच्या कंपन्या २००५ च्या जुगारविषयक कायद्याखाली परवाना घेऊन चालतात आणि तेथे असे करणे गुन्हा नाही. या हिशेबात पैसे घालणारा दैवावर विसंबत नाही, गणितावर विसंबतो. म्हणून "हा जुगार नाही" असे जे मूल म्हणते, ते मूर्ख नाही.

त्याचा युक्तिवाद याहूनही पुढे जातो. तो म्हणतो, "कंपनी काही साधुसंत नाही. तिने लोकांना लुटलेच आहे. तिने आपण होऊन देऊ केलेले हजार मी घेतले तर मी कोणाचे काय घेतले? शेकडो वर्षे आपल्या माणसांना अक्षर आणि आकडा शिकू दिला नाही. बाबासाहेबांमुळे आम्ही शिकलो. आता गणिताच्या जोरावर चार पैसे मिळविले तर धम्म आड का यावा?"

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

कायद्याचे उत्तर अपुरे का?

पहिले उत्तर कायद्याचे. आपल्याकडे जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे. मोबाईलवरील पैशाच्या खेळांसाठी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. नुसते खेळणाऱ्याला त्यात शिक्षा सांगितलेली नाही. त्यानंतर देशातील मोठमोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. जे चोरून चालतात ते बहुतेक परदेशात बसून चालविलेले असतात. त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्यास दाराशी कोणी सापडत नाही.

एवढ्यावरूनच शहाण्या माणसाने दूर राहावे. तरीही कायद्याचे उत्तर अपुरे आहे. आपल्याच सरकारने १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू केली. घोड्यांच्या शर्यतीवर परवान्याच्या मैदानात पैसे लावता येतात. म्हणजे कायदा एक दार बंद करतो आणि दुसरे उघडे ठेवतो. उद्या कायदा बदलला तर आजचे वाईट उद्या चांगले होईल काय? उपासकाला याहून पक्के माप हवे.

तीन वेळची पारख

असे माप तथागतांनी आपल्या मुलाला, राहुलाला, दिले. आरशात जसे तोंड पाहावे तसे आपले कर्म पाहावे, असे त्यांनी त्याला शिकविले. कर्म करण्यापूर्वी पाहावे, करीत असता पाहावे आणि केल्यानंतरही पाहावे. पाहावयाचे काय? याने मला पीडा होते काय, दुसऱ्याला होते काय, दोघांना होते काय? जुळवणीची पैज या आरशासमोर धरू.

करण्यापूर्वी. खाते उघडण्याबद्दलची अशी फुकटची पैज एका कंपनीकडून एका माणसाला एकदाच मिळते. आपले ७२७ रुपये झाले की त्या कंपनीपुरता धंदा संपला. तेथेच पुढे चालवावयाचा तर नवे नाव पाहिजे. मग आईचे आधार कार्ड येते, भावाचे पॅन कार्ड येते, मावशीचे बँकखाते येते. आई मोबाईलवर आलेला आकडा वाचून दाखविते. तो कशासाठी आहे हे तिला ठाऊक नसते. कंपनी विचारते, हे खाते तुमचेच काय? मुलगा आईच्या नावाने 'होय' म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. दीक्षा घेताना आपण ती मोठ्याने म्हटली आहे. लबाडाशी खोटे बोललो तर चालते, अशी सवलत तिच्यात ठेवलेली नाही.

यात पीडा कोणाला, तेही पाहा. चोरट्या कंपन्यांचा पैसा अनोळखी माणसांच्या खात्यांतून फिरत येतो. त्यातली एखादी रक्कम कुठे कोणाला फसवून घेतलेली असली आणि त्या माणसाने १९३० या क्रमांकावर तक्रार केली, तर ती रक्कम ज्या ज्या खात्यांतून गेली ती खाती गोठविली जाऊ शकतात. आईचे खाते गोठले की त्यात येणारे लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये अडले, निराधाराचे अनुदान अडले. मुलगा ज्याला बिनधोक म्हणत होता त्यातला धोका त्याने आईच्या नावावर टाकलेला असतो.

करीत असता. आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हे ७२७ रुपये आले कोठून? कंपनी टाकसाळ चालवीत नाही. तिच्याकडचा प्रत्येक रुपया पैज हरलेल्या माणसाचा आहे. फुकटची पैज हे तिने टाकलेले आमिष आहे. दहा जण ते खाण्यास येतात. त्यांतले कितीतरी अडकतात आणि त्यांच्या पैशातून पुढच्या आमिषाचा खर्च निघतो. जुळवणी करणारा आमिष खाऊन निसटतो, हे खरे. पण आमिषाची किंमत अडकलेल्यांनी भरलेली असते. सगळेच जण असे निसटू लागले तर कंपनी त्याच दिवशी बंद पडेल आणि ७२७ रुपयेही बंद पडतील. म्हणजे माझी ही कमाई चालू राहण्यासाठी दुसरा कोणी हरत राहिलाच पाहिजे.

एक्सचेंजवरचा व्यवहार तर याहून उघड आहे. मुलाने तेथे ७७२ रुपये 'खाल्ले', ते कोणाचे? समोर त्या संघावर ७७२ रुपये लावणारा एक माणूस होता. तो नाव नसलेला, तोंड नसलेला आहे. पण माणूसच आहे. कदाचित घोडेगावचा रिक्षावाला असेल, कदाचित नागपूरचा विद्यार्थी असेल. संघ हरला तेव्हा त्याचे पैसे गेले आणि मुलाकडे आले. त्या क्षणापुरता आपला मुलगा त्याचा बुकी झाला. "मी कंपनीला लुटतो" हे म्हणणे येथे टिकत नाही.

मिथ्या आजीविका म्हणजे काय हे सांगताना तथागतांनी मज्झिम निकायात कपट आणि बोलण्यातली लबाडी यांच्याबरोबरच लाभ दाखवून लाभ मिळविणे याचाही उल्लेख केला आहे. पैजेच्या कंपनीचे याहून नेमके वर्णन सापडणार नाही. तिच्या गळाला लागलेले आमिष वाटून खाणारा तिचा शत्रू ठरत नाही. तो तिचा भागीदार ठरतो.

केल्यानंतर. फुकटच्या पैजा संपतात. हिशेबाने खेळणारा ओळखू आला की कंपनी त्याची मर्यादा कमी करते किंवा खाते बंद करते. परंतु तोवर बोटांना सवय लागलेली असते. रोज भाव पाहिलेले असतात. हाती थोडे भांडवल असते. मग एखाद्या संध्याकाळी 'खाणे' वगळून नुसते 'लावणे' होते. सगळ्यांचे असे होते असे नाही. पण रस्ता त्या दिशेने उताराचा आहे. आणि समजा, आपला मुलगा खंबीर आहे, तो घसरला नाही. त्याचा धाकटा भाऊ काय पाहतो? त्याला गणित दिसत नाही, ३,२४२ रुपये अडकवून ठेवण्याची तयारी दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच की दादाला पैजेतून पैसे मिळाले. कंपनीलाही हे ठाऊक असते, म्हणून ती मित्र आणणाऱ्याला बक्षीस देते. येथे कल्याणमित्र आणि पापमित्र यांतली रेषा ओलांडली जाते.

सहा तोट्यांपैकी चार

दीघ निकायात राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेला उपदेश आहे. त्यात संपत्ती वाहून जाण्याची सहा दारे सांगितली आहेत आणि जुगार हे त्यांपैकी एक आहे. जुगाराचे तोटेही सहा सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. डोळ्यांदेखत धनाची हानी होते. सभेत त्याच्या शब्दाला मान राहत नाही. मित्र-सोबती त्याला तुच्छ लेखतात. आणि त्याच्या घराशी कोणी सोयरीक करू इच्छीत नाही.

आता आपल्या मुलाचे म्हणणे या सहा तोट्यांशी ताडून पाहा. बिनधोक पैजेत हरण्याचे झुरणे नाही आणि धनाची हानी नाही, हे आपण मान्य करू. दोन तोटे गेले. उरलेले चार तसेच आहेत. जिंकणाऱ्याचे वैर आहे. चावडीवर, मंडळाच्या बैठकीत, शब्दाची किंमत जाणे आहे. मित्रांच्या मनातून उतरणे आहे. आणि सोयरीक? "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "मोबाईलवर पैजा जुळवतो" असे उत्तर देऊन कोणत्या बापाने आपली मुलगी द्यावी?

सहापैकी दोनच तोटे पैशाचे आहेत आणि चार माणसामाणसातले आहेत, ही गोष्ट सहज घडलेली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्माचा अर्थच माणसामाणसातले योग्य संबंध असा सांगितला आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की धम्म टाळता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. "माझे काही बुडत नाही" हा एकट्या माणसाचा हिशेब आहे. सम्यक आजीविकेचा हिशेब दोन माणसांचा असतो. माझ्या कमाईने समोरच्याचे काय झाले, हा त्यातला दुसरा रकाना आहे, आणि जुळवणीच्या पैजेत नेमका तोच रकाना कोरा ठेवलेला असतो.

ज्या समाजव्यवस्थेने आपल्याला माणूस मानले नाही, तिच्या महाकाव्यात राजा द्यूतात राज्य हरतो, भाऊ हरतो, पत्नी पणाला लावतो आणि तरीही धर्मराज म्हणवितो. आर्यांच्या समाजात जुगार किती मुरला होता, याची झाडाझडती बाबासाहेबांनी 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' या लेखनात घेतली आहे. ते लेखन त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९८७ साली प्रसिद्ध झाले. भगवान बुद्धांनी गृहस्थाच्या आचारातच जुगाराला नकार दिला. आपण कोणत्या बाजूला आलो आहोत, हे विसरता कामा नये.

गणित शिकलो ते कशासाठी?

"आम्ही गणित शिकलो, मग कमवू नये का?" या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. १२ मे १८७५ रोजी या जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जरोखे जाळले. सावकार काय करीत होता? तो जे करीत होता ते बहुतांशी त्या वेळच्या कायद्यात बसत होते. त्याला आकडा येत होता आणि कर्जदाराला येत नव्हता. अंगठा उमटला की हिशेब पुरा होत असे. सावकाराचेही काही बुडत नव्हते. त्याचाही व्यवहार बिनधोकच होता.

आपल्या आजा-पणजांनी तो अंगठा उमटविला आहे. त्यांच्या नातवाने आकडा शिकावा आणि ज्याला तो आकडा येत नाही अशा दुसऱ्या कोणाच्या अज्ञानावर पोट भरावे, यासाठी बाबासाहेबांनी शिकावयास सांगितले नाही. ज्या मुलाला भाव, कापणी आणि दोन्ही बाजूंची शिल्लक इतकी अचूक मांडता येते, तो सहकारी पतसंस्थेचा हिशेब तपासू शकतो, बचत गटाची वही लिहू शकतो, शेजाऱ्याला कर्जाच्या कागदातले व्याज समजावून देऊ शकतो, बँकेच्या आणि लोकसेवेच्या परीक्षा देऊ शकतो. तेच गणित तेथेही लागते.

शेती हाही जुगारच ना?

यावर आणखी एक शंका निघते. "नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणारा शेतकरी तरी काय करतो? तोही जुगारच." जुलै २०२३ मध्ये तेथे टोमॅटोच्या एका क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला, आणि तोच टोमॅटो भाव पडला की रस्त्याच्या कडेला ओतावा लागतो, हेही आपण पाहिले आहे. मग फरक कोणता?

धोका दोन्हीकडे आहे; पण धोका असला म्हणजे जुगार होतो, असे नाही. शेतकऱ्याने रोप लावले, पाणी दिले, तोडणी केली. मजुराला मजुरी मिळाली, गाडीवाल्याला भाडे मिळाले, कोणाच्या घरी भाजी शिजली. भाव पडला तरी जगात टोमॅटो वाढला. शेतकऱ्याला नफा होण्यासाठी दुसऱ्या शेतकऱ्याने बुडालेच पाहिजे अशी अट नसते. पैजेत काहीच पिकत नाही. एकाच्या हातातला रुपया दुसऱ्याच्या हाती जातो आणि मधला आपला वाटा कापून घेतो. म्हणून धोका असलेली शेती सम्यक आजीविका ठरते आणि धोका नसलेली पैज ठरत नाही.

ब्रिटनमध्ये पैज कायदेशीर असूनही एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाच्या उधारीवर जुगार खेळण्यास बंदी करावी लागली. उसन्या पैशाने खेळून माणसे कर्जात बुडत होती म्हणूनच ना? फुकटच्या पैजेचा खर्च कोण भरतो, याचे उत्तर यात आहे.

लेण्यांतला हिशेब

कमाई कशी असावी, हे पाहण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी यांच्या कड्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास कोरलेली बौद्ध लेणी आहेत. त्यांतील ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे पैसे ठेवून त्यांच्या व्याजातून दान चालावे, अशी व्यवस्थाही लिहून ठेवलेली आहे.

तो पैसाही वाढत होता. दात्याला रोज राबावे लागत नव्हते. पण वाढत होता तो बुरुडाच्या टोपलीतून आणि कासाराच्या भांड्यातून. कोणी टोपली विणली, कोणी विकत घेतली, दोघांचे भले झाले आणि त्यातला वाटा संघाला गेला. म्हणूनच दात्यांनी तो हिशेब दगडात कोरून ठेवला. लोकांनी वाचावा म्हणून कोरून ठेवला. आपली कमाई अशी भिंतीवर लिहून ठेवण्याची आपली तयारी आहे काय, असे ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावे.

मग करावे काय?

घरात पैशाची ओढाताण असते, हे आम्ही जाणतो. मुलगा पैजेकडे वळतो तो बहुधा हौसेने वळत नाही. फी भरावयाची असते, बहिणीचे लग्न असते, मोसमी मजुरी संपलेली असते. म्हणून नुसता नकार सांगून थांबणे योग्य नाही.

सिगालाला सांगितलेला नियम साधा आहे. कमाईचे चार भाग करावे. एक घरखर्चाला, दोन कामधंद्यात, एक अडीअडचणीसाठी राखून. ज्याची कमाई तुटपुंजी आहे त्याला हे प्रमाण जमणार नाही. पण चौथा भाग, मग तो पन्नास रुपयांचा का असेना, बाजूला ठेवण्याची रीत घरात पाडता येईल. दीघजाणू नावाच्या कोलियाला तथागतांनी तलावाचा दाखला दिला होता. चार वाटांनी पाणी येते आणि चार वाटांनी जाते. येणाऱ्या वाटा बुजविल्या आणि जाणाऱ्या उघड्या ठेवल्या तर तलाव आटणारच. जाणाऱ्या वाटांत व्यसन, जुगार आणि वाईट संगत यांची नावे आहेत. धरणाच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या तालुक्यांना हा दाखला समजावून सांगावयास नको.

ज्याने आधीच असे पैसे मिळविले आहेत त्याला वाळीत टाकू नये. वाळीत टाकणे काय असते हे आपल्याइतके कोणी भोगलेले नाही. त्याने घरच्यांच्या नावावरची खाती बंद करावीत, कोणाचे पैसे अडकविले असतील ते फेडावेत आणि आईला खरे सांगावे. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत कर्ज नसण्याचे सुख आहे आणि निर्दोष आचरणाचे सुख त्याहून मोठे मानले आहे. ते सुख आईला खरे सांगितल्याच्या रात्री कळते.

आणि असा पैसा विहाराच्या बांधकामाला किंवा भीमजयंतीच्या वर्गणीला आला तर? मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तो नम्रपणे परत करावा आणि त्या तरुणाला एखादे काम द्यावे. पाचशे रुपयांऐवजी त्याने पाच रविवार मुलांना गणित शिकवावे. विहाराची भिंत थोडी उशिरा उभी राहील, पण त्या भिंतीखाली कोणा अनोळखी रिक्षावाल्याचे ७७२ रुपये गाडलेले नसतील.

मायबाप हो, आपण देव सोडले, नवस सोडले, गंडेदोरे सोडले. हे सोडणे डोळ्यांना दिसते. पैसा कोठून येतो हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची पारख अवघड. मुलाने घरात पैसे आणले की "किती?" हा प्रश्न आपण लगेच विचारतो. त्याच्या जोडीला "कोणाकडून?" हाही प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येक बौद्ध घरात लागली पाहिजे. उत्तर देताना मुलाला मान खाली घालावी लागली नाही, तर ती कमाई सम्यक समजावी.

नमो बुद्धाय! जय भीम!